अवघड ट्रेल शर्यत आणि वाटेतली माणसं: बेळगाव भागातल्या नवख्या धावपटूंसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पहिल्यांदाच डोंगरातल्या शर्यतीला नाव घालणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बूट कुठले, पाणी किती, चढ केवढा. त्यांची उत्तरं कुठेही मिळतात. पण पाच-सहा तास अनोळखी माणसांच्या मागेपुढे रानातून जायचं आहे, त्यांच्याशी वागायचं कसं, बोलायचं कधी, गप्प राहायचं कधी, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते अवघड शर्यतीतला अर्धा आनंद याच भागात आहे, म्हणून इथे फक्त त्याबद्दल लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगते. पहिल्या अवघड शर्यतीत वेळेचं लक्ष्य ठेवू नका. कटऑफच्या, म्हणजे आयोजकांनी ठरवून दिलेल्या वेळेच्या, आत पोचायचं, एवढंच ठरवा. पुढे पळणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, त्यांच्या मेहनतीला तोड नाही. पण ज्याची नजर घड्याळावर आहे त्याला शेजारचा माणूस दिसत नाही, आणि डोंगरात शेजारचा माणूस दिसायला हवा.

शर्यत निवडताना

रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये हजारो लोक असूनही ओळख कुणाशी होत नाही. ट्रेलवर, म्हणजे डोंगररानातल्या पायवाटेवर, वाट एका माणसाच्या रुंदीची असते. एकाच पाठीमागे अर्धा अर्धा तास जावं लागतं, आणि खडा चढ लागला की बहुतेक सगळेच चालतात. चालताना श्वास जागेवर येतो, मग गप्पा आपोआप सुरू होतात. अट एकच, आपल्याकडे त्यासाठी वेळ हवा.

त्यामुळे अंतराच्या आधी कटऑफ बघा आणि कागदावर हिशेब मांडा. समजा 30 किलोमीटरला 7 तास दिले आहेत. त्यातले 10 किलोमीटर खड्या चढाचे धरले आणि किलोमीटरला 20 मिनिटं लागली, तर तिथेच 200 मिनिटं गेली. उरलेले 20 किलोमीटर नऊ-दहा मिनिटांच्या चालीनं गेलात तर आणखी 190. झाले साडेसहा तास. हातात राहिला अर्धा तास, आणि तो एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापाण्याच्या टेबलावर), बुटातला खडा काढण्यात, कुणासाठी थांबण्यात संपतो. नवख्यानं निदान तासभर मोकळा राहील अशी शर्यत निवडावी. मधल्या प्रत्येक एड स्टेशनचा कटऑफ वेगळा असतो, तोही आयोजकांना विचारून घ्या. शेवटचा कटऑफ सैल आणि मधला आवळलेला, असं पुष्कळदा असतं.

आपल्याकडचे बरेच जण साताऱ्याची हिल मॅरेथॉन करून मग ट्रेलकडे वळतात. ती घाटातली असली तरी डांबरी रस्त्याची आहे, तिथल्या वेळेवरून डोंगरातला अंदाज बांधू नका. पुढे गटात दोन अल्ट्रांची, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतींची, नावं सतत कानावर पडतील: चिकमंगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून जाणारी मालनाड अल्ट्रा, आणि सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी एसआरटी अल्ट्रा. तिकडे गेलात तरी पहिल्या वर्षी सगळ्यात छोटं अंतर घ्या.

सोबतीनं पळण्याचा सराव

एकट्यानं कितीही किलोमीटर केले तरी सोबतीनं पळायची सवय वेगळी लावावी लागते. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी चालणारे-पळणारे असतातच. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पळणारी माणसं हे तिथलं रोजचंच दृश्य. त्यातल्या एखाद्या गटाला जाऊन सरळ सांगा, मला रविवारी तुमच्याबरोबर यायचं आहे. नाही म्हणणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

चढाच्या सरावाला येळ्ळूरचा राजहंसगड उत्तम. तिथे आणि आसपासच्या गावांत पहाटे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात. त्यांची सगळी मदार 1600 मीटरच्या पळण्यावर असते, त्यामुळे वेग आपल्या आवाक्यातला नसतो. पण चढावर एकदा त्यांच्यामागे लागून बघा. "या की हो ताई, आम्ही थांबतो वर," असं म्हणतात आणि खरंच थांबतात. वर थांबून शेवटच्या माणसाची वाट बघायची ही रीत मला फार मोलाची वाटते. आपल्या गटात ती नसेल तर तुम्ही सुरू करा.

सरावात तीन गोष्टी मुद्दाम करा. पहिली, चढ सोडून बाकी ठिकाणी पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलता बोलता धाप लागली तर वेग जास्त आहे, हे कुठल्याही घड्याळाशिवाय कळतं. दुसरी, पुढच्या माणसापासून दोन हातांचं अंतर ठेवून चालायला शिका. जांभ्याच्या वाटेवर सुटे दगड गोट्यांसारखे घसरतात, पुढचा घसरला तर तुम्हीही त्याच्यावर जाता. तिसरी, चालता चालता खायला शिका आणि दुसऱ्याला द्यायलाही शिका.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला पळायचा मोह सगळ्यांनाच होतो. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबीच, आणि पावसात तो मुलूख बघावा असाच असतो. पण एकटं जाऊ नका. भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते. गवे आणि अस्वलं त्या रानात आहेत, म्हणून उजाडल्यावर निघा आणि अंधार पडायच्या आत परता. पुढच्याला गवा दिसला तर त्यानं हात वर करून मागच्यांना थांबवायचं, ओरडायचं नाही, हे निघण्याआधी गटात ठरवून घ्या. पावसाळ्यात जळवांसाठी तंबाखूचं पाणी किंवा मीठ सोबत असतंच. ते एकमेकांच्या पायांना लावून देताना अर्ध्या ओळखी होऊन जातात.

आदल्या दिवशी

शक्य असेल तर एकट्यानं गाडी काढू नका. सात-आठ जणांनी मिळून ट्रॅक्स ठरवा. खर्च वाटला जातोच, पण मुख्य म्हणजे परतीच्या प्रवासात कुणालाही दुखऱ्या पायांनी गाडी चालवावी लागत नाही. जाताना गाडीत कोण गप्प बसलंय ते बघून ठेवा. ते बहुधा घाबरलेलं असतं, आणि बहुधा पहिल्यांदाच आलेलं असतं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला गेलात की लगेच मागे फिरू नका. ब्रीफिंगला पुढच्या रांगेत बसा: वाट दाखवणाऱ्या फितींचा रंग कुठला, वाट चुकलात तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. ब्रीफिंग संपलं की दोन माणसं शोधा. एक, ही शर्यत आधी केलेलं कुणीतरी. त्याला फक्त एवढंच विचारा, "सगळ्यात जड कुठे जातं?" आणि ऐकत राहा. दुसरा, स्वीपर. स्वीपर म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालत येणारा, मागे कुणी राहिलं नाही ना हे बघणारा माणूस. त्याला नाव सांगा, पहिलीच वेळ आहे हेही सांगा. उद्या पाय गळाल्यावर मागून तोच येणार असतो, आणि ओळखीचा आवाज कानावर पडला की धीर येतो.

खाऊचं म्हणाल तर गोकाकचं करदंट बरोबर घ्या. डिंक, सुकामेवा आणि गूळ, म्हणजे पळणाऱ्याला हवं ते सगळं त्यात आहे. सुपारीएवढे तुकडे करून बटर पेपरात वेगवेगळे गुंडाळा, म्हणजे देता-घेता हात चिकट होत नाहीत. कुंदा मात्र पिशवीत उन्हानं लिबलिबीत होतो, तो शर्यत संपल्यावर काढा.

वाटेवर

सुरुवातीचा पहिला किलोमीटर सगळेच जोरात जातात. जाऊ द्या. मागे राहिलात तर पहिल्या अरुंद वाटेवर गर्दी कमी लागते आणि तुमच्याच चालीचे लोक सापडतात. तेच दिवसभराचे सोबती.

पुढे जायचं असेल तर लांबूनच सांगा: "उजवीकडनं येते." कन्नड बोलणारा असला तरी "लेफ्ट", "राइट" सगळ्यांनाच कळतं. ज्याला वाट द्यायची आहे त्यानं थांबून, पाय घट्ट रोवून उभं राहावं. पळता पळता बाजूला होऊ नये, काठावरून घसरायला होतं. वाट दिल्याबद्दल प्रत्येकाला दोन शब्द बोलून जा. चढावर तुम्ही मागे टाकलेला माणूस उतारावर तुम्हाला मागे टाकतो, मग तुम्ही त्याला. असं तीन-चारदा झालं की नाव विचारल्याशिवाय राहवत नाही.

गप्पा कशाच्या मारायच्या? वेळेच्या आणि आतापर्यंत केलेल्या शर्यतींच्या नकोत. त्यानं नवखा माणूस लगेच आक्रसतो. कुठल्या गावचे, सकाळी किती वाजता उठलात, घरचे काय म्हणतात, एवढं विचारलं तरी पुरतं. आपल्या भागात गावाचं नाव सांगितलं की कुणाचा ना कुणाचा पाहुणा निघतोच. मी खानापूरची म्हटल्यावर समोरच्याच्या मावशीचं माहेर नंदगडचं निघतं, मग पुढचा चढ कधी संपला कळत नाही.

पण गप्प राहणंही आलं पाहिजे. उत्तरं एका शब्दावर आली, खांदे पडले, नजर फक्त पायांखाली गेली, की समजा की त्याच्यात आता बोलायचं बळ नाही. अशा वेळी सोबत सोडायची गरज नसते. चार पावलं पुढे राहून एकसारख्या चालीनं चालत राहा. त्याला फक्त तुमच्या टाचांकडे बघत यायचं असतं. "अजून थोडंच राहिलंय" हे खोटं कधीही सांगू नका. किती राहिलं ते माहीत असेल तर आकडा सांगा, नसेल तर "चला की" एवढंच पुरे.

अंधारात सुरू होणाऱ्या शर्यतीत हेडलॅम्पची एक सवय लावून घ्या. कुणाशी बोलायला मान वळवलीत की उजेड सरळ त्याच्या डोळ्यांत जातो, आणि पुढचा अर्धा मिनिट त्याला पायाखालचा दगड दिसत नाही. म्हणून बोलताना मान पुढेच ठेवा, नाहीतर आधी हातानं दिवा खाली वळवा आणि मग तोंड फिरवा. जुने लोक हे इतकं सहज करतात की ध्यानातही येत नाही. ज्यानं तुमच्यासाठी दिवा खाली केला तो या डोंगरांत बराच हिंडलेला आहे, असं खुशाल समजा.

बाईमाणूस एकटी पुढे चालली असेल, विशेषतः अंधारात, तर पुरुषांनी लांबूनच आवाज द्यावा, नाव सांगावं आणि विचारावं, "पुढे जाऊ की मागे राहू?" ती सांगेल ते करावं. मुकाट्यानं मागे मागे येणारी पावलं कशी वाटतात, हे मी आणि माझ्यासोबत पळणाऱ्या सगळ्याजणी जाणतो. पळण्याबद्दल न विचारता सल्ला देऊ नये, हेही त्यातच आलं.

कानात इअरफोन घालू नका. काही शर्यतींत त्यांना बंदीच असते. मागून आलेली हाक आणि पुढून आलेली शिट्टी दोन्ही ऐकू यायला हवीत.

एड स्टेशनवर

टेबलापलीकडची माणसं पहाटेपासून उभी असतात. आपण येतो, पेला पुढे करतो, पाणी घेतो, पळतो. तसं करू नका. आधी बाटलीचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे भरणाऱ्याचं काम सोपं होतं. बिबचा नंबर दिसेल असा पुढे घ्या, नोंद घेणाऱ्याला वाकून बघावं लागत नाही. मग त्यांच्या तोंडाकडे बघून बोला: "काय मावशी, कधीपासून उभ्या आहात?" उकडलेल्या बटाट्याची फोड मिठात बुडवून तोंडात टाकताना एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो. मावशी लगेच दुसरी फोड पुढे करतात: "घे की, पुढं चढ हाय." ती घ्या. घामावाटे मीठ गेलेलं असतं, आणि नुसतं पाणी पीत राहिल्यानं मळमळ, डोकेदुखी वाढते.

बसा, पण खुर्चीत रेलू नका. पाच मिनिटं ठरवा आणि निघा. कुणी खुर्चीत मान टाकून बसलं असेल तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि म्हणा, "पुढच्या वळणापर्यंत चालूया." शेवटपर्यंत पळूया म्हणालात तर तो उठणार नाही. वळणापर्यंत म्हणालात तर बहुतेक वेळा उठतो. चक्कर, उलट्या, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर मात्र उठवू नका, तिथल्या वैद्यकीय माणसाला बोलवा.

गावातून जाताना

आपली शर्यत कुणाच्या तरी शेतावरून, कुणाच्या तरी देवळासमोरून जाते. खानापूरच्या पश्चिमेला मराठी आणि कोंकणी चालते, पूर्वेकडे सरकलात की कन्नड. चार शब्द तोंडात असू द्या. "नमस्कार री" म्हटलं की ओसरीवरची आजीसुद्धा हात वर करते. वाट चुकलात तर "दारी याव कडे री?" पाणी हवं तर "नीरु कोड्री", आणि तांब्यावर तांब्या पुढे येऊ लागला की "साकु री". मोठ्या बाईला अक्का, मोठ्या माणसाला अण्णा. उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही, उलट चुकलेला शब्द नीट करून देतात. सीमेच्या वादाच्या बातम्या कितीही येवोत, पळून दमलेल्या माणसाला पाणी देताना कुणी भाषा विचारल्याचं मी पाहिलेलं नाही.

भातकापणीच्या दिवसांत वाटेवर पेंढ्या किंवा दाणे वाळत घातलेले असतात. त्यांच्यावरून जाऊ नका, वळसा घ्या. बांधावरून एका रांगेत जा, कडेनं पिकात पाय टाकू नका. विहिरीला किंवा देवळाच्या कट्ट्याला पाय लावू नका. चिक्कीचे कागद खिशात ठेवा, आणि पुढच्याचा पडलेला दिसला तर तोही उचला. पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी असतात. प्रत्येकाला टाळी द्या, एकालाही सोडू नका, शेवटच्या छोट्याला तर मुळीच नाही.

कुणी पडलं तर

थांबायचं. यात दुसरा विचार नाही. अडचणीतल्या धावपटूला मदत करणं हे बऱ्याच शर्यतींच्या नियमांतच लिहिलेलं असतं, आणि नसलं तरी करायचं. पाय मुरगळलाय की डोक्याला लागलंय ते बघा, त्याला सावलीत बसवा, त्याचा बिब नंबर आणि तुम्ही कुठे आहात ते पुढे जाणाऱ्या माणसाजवळ सांगून पाठवा. फोनला रेंज नसते असं धरूनच चाला. निरोप नेणाऱ्याकडून नंबर पुन्हा म्हणवून घ्या, पळता पळता आकडे विसरतात. दुसरा कुणी येईपर्यंत एकट्याला सोडून जाऊ नका. त्यात तुमचा कटऑफ हुकला तर हुकला.

शेवटचा तास

पदक गळ्यात पडलं, फोटो झाला, गाडीत बसलो, असं करू नका. हात-पाय धुवा, कोरडा शर्ट घाला, काहीतरी गरम खा आणि फिनिशजवळ जाऊन बसा. जगातल्या जुन्या शर्यतींनी या शेवटच्या तासाला मोठा मान दिला आहे. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही 100 मैलांची शर्यत. 1974 साली गॉर्डी एन्सली हा माणूस घोड्यांच्या शर्यतीची वाट स्वतःच्या पायांनी पळून गेला, तिथून तिचा उगम झाला. तिचा कटऑफ 30 तासांचा, आणि शेवटच्या तासाला तिथे सोनेरी तास म्हणतात. विजेता आदल्या रात्रीच पोचलेला असतो, तरी या तासाला माणसं मैदानावर परत गोळा होतात. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन 1921 पासूनची. ती रस्त्यावरची आहे, पण तिथली एक रीत आपण उचलावी अशी आहे. एक अनुभवी धावपटू ठरावीक वेळेत पोचायचं बोलून दाखवतो आणि त्याच्यामागे अनोळखी माणसांचा थवा गाणी म्हणत शेवटपर्यंत जातो. या थव्याला तिथे बस म्हणतात. आपल्या भागातल्या शर्यतीतही, कटऑफ जेमतेम गाठणाऱ्या पाच-सहा जणांनी अशी बस केली तर किती जण पोचतील!

तर शेवटचा तास बसून राहा. येणाऱ्याचा बिब नंबर यादीत बघून त्याला नावानं हाक मारा. सकाळी चढावर सोबत असलेला माणूस अजून आला नसेल तर चौकशी करा. मध्येच सोडावं लागलेले लोक एका बाजूला बसलेले असतात, त्यांच्याकडे चहा घेऊन जा आणि कुठपर्यंत गेला होतात ते विचारा. "का सोडलं?" हा प्रश्न त्यांना दिवसभर पुरेसा झालेला असतो. कुंद्याचा डबा आता उघडा. आणि स्वीपर येईपर्यंत थांबा. त्याच्या हातात वाटेवरून सोडवून आणलेल्या फितींचा गुंडाळा असतो. तो घ्यायला पुढे व्हा आणि त्याला आधी बसू द्या.

पुढच्या खेपेला

दोन शर्यती पळलात की तिसरीला स्वयंसेवक म्हणून नाव द्या. आयोजकांना वाट आखायला, पाण्याचे कॅन वर चढवायला, अवघड वळणावर उभं राहायला माणसं कमीच पडतात. वळणावर उभं राहण्याचं काम मागून घ्या. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक धावपटू तुमच्यासमोरून जातो. बसायला चटई, टोपी, दोन लिटर पाणी, शिट्टी आणि दुपारची भाकरी-चटणी सोबत न्या. नाव देताना कन्नड, मराठी, कोंकणी यातलं काय काय बोलता येतं तेही कळवा. इथल्या वाटांवर आयोजकांना दोन्हीकडचं बोलणारी माणसं सगळ्यात आधी लागतात.